१,००० ग्रहांपेक्षा २२ मिनिटं भारी का पडली? अंतराळातल्या गोष्टीवेल्हाळ गेम्सचं गणित

एक गेम आहे. त्यात बंदूक नाही. लेव्हल वाढत नाही. डायमंड, कॉइन, नवीन कपडे, नवीन स्किन असलं काहीही मिळत नाही. तुमच्याकडे असतं एक ठिगळं लावलेलं यान, एक स्पेससूट आणि २२ मिनिटं. २२ मिनिटं संपली की सूर्याचा स्फोट होतो, अख्खी सूर्यमाला खाक होते आणि तुम्ही पुन्हा त्याच शेकोटीपाशी डोळे उघडता. मागच्या फेरीतलं तुमच्या हाताशी काहीच उरत नाही. उरते फक्त माहिती.

या गेमचं नाव 'आउटर वाइल्ड्स'. २०१९ साली आला. बनवणारी टीम इतकी छोटी की सगळे एका मिनीबसमध्ये बसतील. आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत 'सर्वोत्कृष्ट गेम' हाच ठरला.

आता दुसरी बाजू बघा. २०२३ साली 'स्टारफील्ड' आला. मागे मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी, वर्षानुवर्षांची मेहनत आणि १,००० हून जास्त ग्रह. खेळणारे कोटीच्या घरात गेले. पण सोशल मीडियावर काही आठवड्यांतच एक शब्द फिरायला लागला, 'बोअरिंग'.

आता तुम्ही म्हणाल, कुणाला आवडतं, कुणाला नाही, त्यात एवढं काय? पण विषय आवडीनिवडीचा नाही. अंतराळ म्हणजे अफाट जागा. मग त्या जागेतली गोष्ट मोठ्या गेमपेक्षा छोट्या गेममध्ये जास्त का पकडून ठेवते? आणि असे छोटे गेम बनवायला पैसे देणारे लोकच गेल्या काही वर्षांत अडचणीत का आले? विषय हा आहे.

आधी हा प्रकार काय ते समजून घ्या

आपल्याकडे गेम म्हटलं की डोळ्यांसमोर बीजीएमआय, फ्री फायर किंवा पैसे लावून खेळायची रमी येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हाही चर्चा पैशांच्या गेम्सचीच झाली. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं काढलं.

पण या सगळ्यापासून लांब, गेम्सची एक वेगळी भावकी आहे. यात कुणाला हरवायचं नसतं. तुम्ही एका अनोळखी जागी पोचता. तिथे काहीतरी घडून गेलेलं असतं. काय घडलं, का घडलं, कुणामुळे घडलं, हे तुम्ही हिंडून, वाचून, ऐकून शोधायचं. गोष्ट कुणी सांगत नाही, ती सापडते.

आणि याला अंतराळ फार सोयीचं पडतं. कारण तिथे एकटेपणा आपोआप येतो. रिकामं स्पेस स्टेशन असेल तर 'इथली माणसं गेली कुठे?' हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला पडतो, तो पाडायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

थोडी उदाहरणं घ्या.

'टॅकोमा' (२०१७) मध्ये तुम्ही २०८८ सालातल्या एका स्पेस स्टेशनवर जाता. कर्मचारी तिथे नाहीत, पण त्यांच्या हालचालींची आणि बोलण्याची रेकॉर्डिंग्ज आहेत. ती मागे-पुढे करत, एकेका माणसाच्या मागे फिरत तुम्ही गोष्ट जोडता. त्या जगात कंपन्या कर्मचाऱ्यांना चक्क निष्ठेचे पॉइंट देतात.

'हेवन्स व्हॉल्ट' (२०१९) मध्ये नायिका पुरातत्त्वज्ञ आहे. ती एका तेजोमेघात विखुरलेल्या जगांमध्ये फिरते आणि एक विसरली गेलेली लिपी वाचायचा प्रयत्न करते. शब्दांचे अर्थ तुम्ही लावायचे, चुकीचा अर्थ लावला तर पुढची गोष्टही त्याच चुकीवर उभी राहू शकते.

'सिटिझन स्लीपर' (२०२२) मध्ये तुम्ही एका कंपनीच्या मालकीचं कृत्रिम शरीर आहात. त्यात एका माणसाच्या मनाची प्रत भरलेली आहे. तुम्ही पळून एका स्पेस स्टेशनवर आलाय. रोज सकाळी फासे पडतात, त्या फाशांवर आज कोणतं काम होईल ते ठरतं. शरीर टिकवायला औषध लागतं आणि ते औषध मिळवायला काम. थोडक्यात, अंतराळातली रोजंदारी.

या तिन्हींत एकही आकाशगंगा वाचवायची नाही. तरी खेळून झाल्यावर ही माणसं डोक्यातून जात नाहीत.

मग मोठ्या गेम्सचं गाडं कुठे अडतं?

त्यासाठी थेट १९८४ मध्ये जावं लागतं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन पोरांनी 'एलिट' नावाचा गेम बनवला. तो ज्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर चालायचा त्याची मेमरी होती ३२ केबी. आज तुमच्या व्हॉट्सअॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो यापेक्षा मोठा असतो. एवढ्या जागेत त्यांनी ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. म्हणजे एकूण २,०४८.

कसं जमलं? तर त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत, ग्रह बनवायचं सूत्र साठवलं. एक आकडा घ्यायचा, तो सूत्रात घालायचा, ग्रहाचं नाव, जागा, तिथलं सरकार, तिथला व्यापार सगळं बाहेर येतं. तोच आकडा पुन्हा घातला की तोच ग्रह पुन्हा मिळतो. याला प्रोसिजरल जनरेशन म्हणतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. या दोघांचा मूळ बेत २,०४८ ग्रहांचा नव्हताच. त्यांना सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा ठेवायच्या होत्या, सूत्राला काय फरक पडतो! पण प्रकाशक कंपनी अॅकॉर्नसॉफ्टने नको म्हटलं. कारण? एवढ्या आकाशगंगा दिल्या तर सगळ्या सारख्याच आहेत हे लोकांच्या लक्षात येईल.

म्हणजे जास्त जागा दिली की जागेची किंमत कमी होते, हा धडा या धंद्याने १९८४ मध्येच शिकला होता. पुढच्या ४० वर्षांत तो धडा पुन्हा पुन्हा विसरला गेला.

'नो मॅन्स स्काय'ने काय केलं?

२०१३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या 'हेलो गेम्स' या छोट्या कंपनीने 'नो मॅन्स स्काय'चा ट्रेलर दाखवला. जग वेडं झालं. ग्रह किती? तर २ चा ६४ वा घात. म्हणजे १८ च्या पुढे तब्बल १८ शून्यं.

हा आकडा समजून घ्यायचा तर असं बघा. प्रत्येक ग्रहावर फक्त १ सेकंद थांबायचं ठरवलं तरी सगळे बघायला ५८ हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील. आपल्या खऱ्या विश्वाचं वय आहे साधारण १,३८० कोटी वर्षं.

गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि लोक चिडले. दहा-वीस ग्रह फिरून झाल्यावर पुढचा ग्रह म्हणजे वेगळ्या रंगाचा मागचाच ग्रह वाटायचा. ज्या गोष्टी असतील असं वाटलं होतं, त्यातल्या बऱ्याच नव्हत्या. प्रकरण ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेपर्यंत गेलं. संस्थेने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निकाल दिला. पण नाव खराब व्हायचं ते झालंच.

त्यानंतर शॉन मरे आणि त्यांच्या टीमने जे केलं ते या धंद्यात क्वचित बघायला मिळतं. त्यांनी बोलणं बंद केलं आणि काम चालू ठेवलं. मोठमोठे अपडेट्स आले, तेही फुकट. २०१८ मध्ये मित्रांसोबत खेळायची नीट सोय आली. तळ बांधणं, प्राणी पाळणं, जुनी यानं दुरुस्त करणं, एकेक भर पडत गेली. २०२४ च्या शेवटी स्टीमवर या गेमचं एकूण रेटिंग 'व्हेरी पॉझिटिव्ह' झालं. म्हणजे सावरायला ८ वर्षं लागली.

पण यातून नेमका बोध काय घ्यायचा? 'नो मॅन्स स्काय' वाचला तो ग्रहांच्या आकड्यामुळे नाही. आकडा पहिल्या दिवशीही तेवढाच होता. तो वाचला कारण त्या ग्रहांवर काहीतरी करण्यासारखं, कुणालातरी भेटण्यासारखं हळूहळू तयार झालं.

'स्टारफील्ड' खरंच पडला का?

इथे सोशल मीडियाची थोडी दुरुस्ती करायला हवी. 'स्टारफील्ड' आपटला असं म्हणणं चूक आहे. ६ सप्टेंबर २०२३ ला गेम आला आणि त्याच महिन्यात खेळणाऱ्यांचा आकडा १ कोटीच्या पुढे गेल्याचं कंपनीने जाहीर केलं. बनवणाऱ्या बेथेस्डाची मूळ कंपनी झेनिमॅक्स मायक्रोसॉफ्टने ७५० कोटी डॉलर मोजून घेतली होती. त्या सौद्यानंतर आलेला हा त्यांचा सगळ्यात मोठा गेम.

त्यातली काही कामं, काही पात्रं, यान स्वतः जोडायची सोय लोकांना मनापासून आवडली. तक्रार होती ती हिंडण्याबद्दल.

एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचं तर नकाशा उघडा, टिचकी मारा, लोडिंग बघा, उतरा. मधला प्रवास जवळपास गायब. उतरल्यावर बरीच पायपीट, मग एक इमारत. पुढच्या ग्रहावर तशीच इमारत, आत तशाच खोल्या, वस्तूही त्याच जागी. शोध लावायला आलेल्या माणसाला ही जागा आधी बघितली आहे असं वाटलं की संपलंच.

कंपनीच्या बाजूचा युक्तिवादही ऐकण्यासारखा होता. चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनाही तिथे काही सापडलं नव्हतं, पण ते काही कंटाळले नव्हते! बोलायला बरोबर. पण अंतराळवीर खरोखर चंद्रावर होता. सोफ्यावर बसलेल्या माणसाला रिकामी जागा दाखवायची असेल तर त्या रिकामेपणालाही काही अर्थ द्यावा लागतो. तो अर्थ सूत्रातून येत नाही, कुणीतरी बसून विचार करावा लागतो.

पण मग मोठा गेम गोष्ट सांगूच शकत नाही का?

शकतो. 'मास इफेक्ट' हे त्याचं ठळक उदाहरण. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग आले. पहिल्या भागात घेतलेला निर्णय तिसऱ्या भागात समोर येऊन उभा राहायचा. तिसऱ्या भागाचा शेवट लोकांना इतका खटकला की आंदोलनासारखी मोहीम झाली आणि २०१२ च्या जूनमध्ये कंपनीला वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला.

लोक चिडले हीच त्या गेमची पावती होती. ज्या गोष्टीत जीव गुंतलेला नाही, तिच्या शेवटावरून कोण भांडतं?

फरक एवढाच की 'मास इफेक्ट'मधली महत्त्वाची ठिकाणं आणि माणसं हाताने घडवलेली होती. म्हणजे दोष मोठेपणाचा नाही. जागा आधी आणि गोष्ट नंतर, या क्रमाचा आहे.

आता 'आउटर वाइल्ड्स'ने नेमकं काय वेगळं केलं ते बघू

या गेमची सुरुवात कंपनीत नाही, कॉलेजात झाली. अॅलेक्स बीचम हा अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकत होता. मास्टर्सच्या प्रबंधासाठी त्याने हा गेम बनवायला घेतला. २०१५ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये या अर्धवट गेमने सगळ्यात मोठं पारितोषिक पटकावलं. पुढे 'हीरोज' या मालिकेतला अभिनेता मासी ओका याच्या 'मोबियस डिजिटल' या कंपनीने तो हातात घेतला. लेखन अॅलेक्सची बहीण केल्सी बीचम हिने केलं.

आता यातली युक्ती काय?

पहिली गोष्ट, इथली सूर्यमाला इवलीशी आहे. ग्रह हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे, आणि आकाराने इतके लहान की काही मिनिटांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाता येतं. पण ते खरोखर फिरतात. आकाशात दिसतोय तो ठिपका नुसतं चित्र नाही. यान काढा आणि जा, मधे लोडिंग नाही.

यासाठी एक भन्नाट तांत्रिक उपाय केला आहे. कॉम्प्युटरमध्ये एखादी वस्तू केंद्रबिंदूपासून फार लांब गेली की आकडेमोडीत बारीक चुका व्हायला लागतात आणि चित्र थरथरतं. म्हणून या गेममध्ये खेळाडू केंद्रस्थानी असतो आणि उरलेली सूर्यमाला त्याच्याभोवती सरकवली जाते. कोपर्निकसला काय वाटलं असतं माहीत नाही, पण गेम गुळगुळीत चालतो.

दुसरी गोष्ट, वेळ. इथल्या जागा मिनिटागणिक बदलतात. दोन जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात आणि एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते, जणू आकाशातली वाळूची घड्याळं. त्यामुळे चौथ्या मिनिटाला ज्या गुहेत शिरता येतं ती पंधराव्या मिनिटाला वाळूने बुजलेली असते. आणि तेव्हाच पलीकडच्या ग्रहावर वाळूखाली गाडलेलं काहीतरी उघडं पडतं. आणखी एक ग्रह आतून पोकळ आहे, त्याच्या मधोमध कृष्णविवर आहे आणि ग्रहाचे तुकडे एकेक करून त्यात पडत असतात.

म्हणजे तेच ठिकाण, पण वेळ बदलली की नवीन. 'स्टारफील्ड'मध्ये जागा वेगळी आणि अनुभव तोच, इथे जागा तीच आणि अनुभव वेगळा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कुलूप. नेहमीच्या गेममध्ये दार बंद असतं आणि किल्ली कुठेतरी पडलेली असते. इथे दारं बहुतेक उघडीच आहेत, तुम्हाला फक्त ती दारं आहेत हे ठाऊक नसतं. लाखो वर्षांपूर्वी नोमाई नावाचे जीव इथे राहत होते. त्यांनी भिंतींवर वळणावळणाच्या अक्षरांत आपापसात गप्पा लिहून ठेवल्यात. शास्त्रज्ञांचे वाद, मुलांच्या खोड्या, कुणाची काळजी, कुणाची चेष्टा. ते वाचत वाचत तुम्हाला कळतं की अमुक ठिकाणी तमुक वेळी गेलं तर काय होईल.

माहिती असेल तर एकाच फेरीत गेमच्या शेवटापर्यंत पोचता येतं. पण ती माहिती मिळवायला बहुतेकांना २० तासांच्या आसपास लागतात. तुमचं पात्र ताकदवान होत नाही. शहाणे तुम्ही होता.

मग असे गेम ढिगाने का येत नाहीत?

इथे येतो पैशांचा मुद्दा.

'आउटर वाइल्ड्स' एकदाच खेळता येतो. एकदा कळलं की कळलं, विसरायचं कसं? सोशल मीडियावर याचे चाहते म्हणूनच एका विचित्र पंथासारखे वागतात. 'काही गुगल करू नको, ट्रेलर बघू नको, फक्त खेळ,' एवढंच सांगतात. आणि स्वतःला पुन्हा पहिल्यांदा खेळता येत नाही म्हणून दुसऱ्या कुणाचे तरी पहिल्यांदा खेळतानाचे तासन् तासांचे व्हिडिओ बघत बसतात.

खेळाडूसाठी ही गोष्ट सुंदर आहे, पण गुंतवणूकदाराला हीच नको असते. आज मोठ्या कंपन्यांना हवा असतो तो रोज परत येणारा खेळाडू. रोज आला तर तो सीझन पास घेईल, स्किन घेईल, जाहिरात बघेल. २५ डॉलरला एकदा विकला, माणूस रडला, मित्राला सांगितलं आणि विषय संपला, या धंद्यात रोजची कमाई कुठे आहे?

म्हणून असे गेम चालतात ते धीर धरणाऱ्या पैशावर. 'आउटर वाइल्ड्स'साठी २०१५ मध्ये लोकांकडून सव्वा लाख डॉलरच्या आसपास वर्गणी गोळा झाली. एवढ्यात गेम पूर्ण होणं शक्यच नव्हतं. पुढे 'अन्नपूर्णा इंटरअॅक्टिव्ह' ही प्रकाशक कंपनी मागे उभी राहिली आणि गेम २०१९ मध्ये पूर्ण झाला.

नाव वाचून दचकू नका. कंपनी अमेरिकन आहे, नाव नेपाळमधल्या अन्नपूर्णा पर्वतावरून घेतलेलं. मालकीण मेगन एलिसन, ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांची मुलगी. या कंपनीने 'आउटर वाइल्ड्स', 'स्ट्रे', 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' असे एकाहून एक वेगळे गेम लोकांपर्यंत पोचवले.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये या कंपनीतल्या गेम विभागाच्या सगळ्या २५ जणांनी एकत्र राजीनामे दिले. विभागप्रमुख नेथन गॅरी यांना हा विभाग स्वतंत्र कंपनी म्हणून वेगळा करायचा होता. मालकिणीशी बोलणी झाली, फिसकटली, आणि अख्खं ऑफिस रिकामं झालं. कंपनीने चालू गेम्सचं काम पुढे नेण्याचं सांगितलं आणि नवे लोक आणले. पण ज्या छोट्या टीम्सचा रोजचा संबंध या २५ जणांशी होता, त्यांच्यासाठी फोन उचलणारा माणूसच एका दिवसात बदलला.

मोठ्या कंपन्यांतही चित्र वेगळं नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातून १,९०० लोकांना कमी केलं. त्याच वर्षी मे महिन्यात टँगो गेमवर्क्ससारखा नावाजलेला स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. पुढे बीजीएमआयवाल्या क्राफ्टन कंपनीने तो विकत घेतला म्हणून टिकला.

आता 'टॅकोमा'तले निष्ठेचे पॉइंट आणि 'सिटिझन स्लीपर'मधली अंतराळातली रोजंदारी आठवा. गेम बनवणाऱ्यांनी कंपनीच्या मर्जीवर जगणारी माणसं उगाच हवेतून आणलेली नाहीत. ती त्यांना आजूबाजूला दिसत होती.

याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध दोन प्रकारे आहे.

एक, बनवण्याच्या बाजूने. महाराष्ट्रातही असा प्रयत्न झालाय. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. तो अंतराळातला नाही, पुराणकथांवरचा आहे. पण अडचण तीच होती, छोटी टीम, गोष्टीवर भर आणि मागे मोठा पैसा नाही. लोकवर्गणीची त्यांची मोहीम फसली होती, तरी त्यांनी तो तडीस नेला. जगाच्या दुसऱ्या टोकाला धीर धरणारा प्रकाशक अडचणीत आला की पुण्यात बसून असा गेम बनवू पाहणाऱ्यांचंही एक दार बंद होतं.

दोन, खेळण्याच्या बाजूने. हे बरेचसे गेम कॉम्प्युटर किंवा कन्सोलवरचे आहेत आणि आपल्याकडे बहुतेक जण खेळतात मोबाइलवर. शिवाय यात वाचायचं भरपूर असतं आणि 'आउटर वाइल्ड्स' मराठीत उपलब्ध नाही. ज्या गेममध्ये भिंतीवरचं वाचूनच पुढे जायचं, तिथे भाषा हीच पहिली पायरी असते. इंग्रजी वाचायला अडखळणारा मुलगा बीजीएमआयमध्ये कुणापेक्षा कमी नसतो, पण इथे तो दारातच अडकतो.

मग पुढे काय?

चांगली बाजू अशी की मागणी कमी झालेली नाही. 'आउटर वाइल्ड्स' डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पहिल्यांदा आल्यावर चार वर्षांनी, निन्टेंडो स्विचवर आला. 'सिटिझन स्लीपर'चा दुसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला. 'हेलो गेम्स' अजूनही अपडेट्स देतंय.

अवघड बाजू अशी की कॉलेजच्या प्रबंधापासून पूर्ण गेम होईपर्यंत कित्येक वर्षं कुणीतरी पगार देत राहावं लागतं, तेही कमाईची खात्री नसताना. असा पैसा देणाऱ्या जागा मोजक्याच होत्या, आणि त्यातलं एक ऑफिस एका दिवसात रिकामं होऊ शकतं हे २०२४ ने दाखवून दिलं.

१,००० ग्रह बनवायला सूत्र पुरतं. एका भिंतीवर दोन मेलेल्या शास्त्रज्ञांचं भांडण लिहायला, आणि ते वाचून लाखो वर्षांनी आलेल्या माणसाला गलबलून येईल असं लिहायला, एक लेखक लागतो. त्या लेखकाचा पुढच्या महिन्याचा पगार कोण देणार, यावरच या गेम्सचं भवितव्य ठरणार आहे.